कोषाला तोंड नसतं

अपोंदी डबक्यात पळी बुडवते.
सोमवारी औषध टाकलं होतं, मोजूनमापून.
गुरुवारी अळ्या तशाच,
पाण्याला चिकटून आडव्या, निवांत.

माप चुकलं नव्हतं.
पाण्यात शेण, कुजकी पानं, हिरवं शेवाळ –
यांची पोटं आधीच भरलेली,
औषध खाणार कोण?
त्यात अहेरोचं ऊन :
औषधाचा जीव दुपारपर्यंतच.

ओगोला विटांसाठी नवा खड्डा खणतोय.
"हा आहे का तुझ्या वहीत?"
नाही.
गाईच्या खुराचा ठसाही नाही,
बोटभर पाणी, आणि त्यात बाराजणी.

पळीच्या तळाशी एक स्वल्पविराम. कोष.
आता याला काहीही घाला.
तो खात नाही,
फक्त उद्याची वाट बघतो.

ती पळी तापल्या वाळूवर उपडी करते.
वही उघडते :
खूर. मागचा, डावा.