दोनशे सतरावा

कुरुणेगलच्या पंपापासून पावणेतीन किलोमीटर मागे,
बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीला लागून
तिलकसिरीची रिक्षा उभी आहे. दुसरी रात्र.
मनगटावर निळ्या शाईचा आकडा, दोनशे सतरा.
घामानं शेवटचा सात विरघळत एक होऊ पाहतो,
म्हणून तो तासातासाला बॉलपेनानं गिरवतो.

टँकर निघालाय म्हणतात.
टँकर कालही निघाला होता.

घरी गॅस संपलेला, चुलीपुढे नीलमणी खोकतेय.
पोरीची परीक्षा कागदाअभावी पुढे गेली,
रिक्षाचा हप्ता तेवढा तारखेला दारात हजर,
हक्काच्या पाहुण्यासारखा.
छातीत कुणीतरी उकिडवं बसून
काथ्याच्या दोराला पीळ देतंय.

आणि मावशी आठवते.
डोकं भादरून मेहेणी झालेली, रबराच्या मळ्यामागच्या आश्रमात राहणारी.
म्हणाली होती, 'तू रिक्षावाला. तुला सोपं जाईल.
विचार हात करतात. प्रत्येकासाठी थांबतोस का?'
'थांबतो की, मावशी. पोट आहे.'
ती हसली होती, वरचे दोन दात नसलेलं हसू.
'बरं, थांब. सोड त्याला घरापर्यंत.
पण तिथं जेवायला बसू नकोस.'

हँडलवरचे हात तो मांडीवर घेतो.
एक. आत.
दोन. बाहेर.
तीन. रॉकेलचा भाव.
पुन्हा एक.
दोन, तीन, चार,
मेहुण्याचे आठ हजार, आणि ते देताना त्याचा चेहरा.
पुन्हा एक.
रात्री अडीचपर्यंत पाचाच्या पुढे मजल नाही.
यापेक्षा पंपाची रांग बरी, तो पुटपुटतो,
ती सरकली की निदान दिसतं.
शेजारचा लॉरीवाला घोरतोय.
डास. वखारीतल्या जुन्या भुशाचा वास.
पुन्हा एक.

केव्हातरी मोजायचं राहून गेलं
आणि श्वास आपला चालूच राहिला,
न्यूट्रलमध्ये उतारावर सोडलेल्या गाडीसारखा.
हप्ता, खोकला, परीक्षा, कुणी उतरून गेलं नव्हतं.
तिघंही मागच्या सीटवर, गुडघे आखडून.
फक्त हँडल त्यांच्या हातात नव्हतं.

पहाटे एक पांढरी व्हॅन रांगेत घुसते
आणि रिक्षाचा डावा आरसा घेऊन जाते.
काच खाली पडल्याचा आवाज संपायच्या आत
तिलकसिरीचा हात सीटखाली. पान्हा. थंडगार.
मागून कुणी ओरडतं, हाण त्याला!

इथं काय झालं ते सांगायला फारसं काही नाही.
एक श्वास आत आला, आणि येताना त्याला दिसला.
राग होता तेवढाच होता, कानशिलं तडतडत होती,
पण रागाच्या आणि हाताच्या मध्ये
भाताच्या शिताएवढी जागा पडली.
त्या जागेतून त्याला व्हॅनवाला दिसला:
एक बटण चुकवून लावलेला शर्ट,
मनगटावर घाईघाईत लिहिलेला खोटा बारा,
आणि स्टिअरिंगवर थरथरणारा तो हात.
'मागे जा, मल्ली,' तो म्हणाला.
आवाज इतका साधा निघाला
की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

व्हॅन मागे गेली नाही.
पान्हा मात्र सीटखाली परत गेला.

पेट्रोल एकशे चौऱ्याण्णवला संपलं.
वखारीचा चढ त्यानं रिक्षा ढकलत काढला,
मधे थांबून शिव्याही दिल्या, सरकारला, टँकरला,
एक मावशीला, जरा हळू.

दारात नीलमणीनं आधी टाकी विचारली, मग आरसा.
'फुटला.'
'आणि तू?'
तो बोलला नाही. धुरात तिच्याशेजारी बसला,
तिच्या हातातून फुंकणी घेतली,
पोटापासून एक लांब श्वास ओढला.

ओलं लाकूड. पेटलं नाही.
पुन्हा एक.