दोन चकत्या

केतकी नोकरीला गेली, सायकल राहिली.
दोन उन्हाळे गॅलरीत, कूलरच्या पाठीशी,
वाळ्याचं पाणी ठिबकून डाव्या पेडलला गंज.
पुढे तीन चकत्या. बाहेरची, सगळ्यात मोठी,
गोरेवाड्याच्या कुठल्याशा दगडावर आपटून वाकलेली.
दगड तिनं मला कधी सांगितला नाही.
वाक दिसत होता.

हेडाऊंनी सायकल आढ्याच्या आकड्याला टांगली.
गोळीबार चौकाच्या मागे, जिथे अजून
दुपारच्याला दोनतीन माग खडखडतात.
आधी ते मागच दुरुस्त करायचे.
"कुठचा चढ चढता मॅडम?"
सेमिनरी हिल्स, म्हटलं.
घरात कुणाला सांगितलेलं नव्हतं.
"वय?"
बावन्न.
"गुडघा?"
डावा.
"मंग हे बेचाळीस दात कशाले पाह्यजे?
येवढं कोन चावते?"

बाहेरची काढली. मधली बत्तिसाची काढून
छत्तिसाची लावली. आतली बाविसाची तशीच,
तिच्यावर कुणी पाय दिलेलाच नव्हता, दात कोरे.
मला वाटलं, मोठी आता भंगारात.
तर हेडाऊंनी ती शिकंजात धरली, ग्राइंडर लावला.
ठिणग्या त्यांच्या चपलेवर पडत होत्या,
चप्पल त्यांनी हलवली नाही.
एकेक दात गेला. काठ गोल झाला, गुळगुळीत.
"झाला बुढा बोळका.
आता चेन नाई धरत तो. दगड आला का पयले तोच खाईन."
आणि बाहेरून पुन्हा बसवली.

मग पिंजरा खाली आणायचा, ज्यातून चेन जाते.
छत्तिसाच्या दातांवर अंतर किती?
त्यांनी हात पुढे केला. "रुपया द्या."
मी पर्स उघडायला लागले. "मजुरी नाई, नानं."
नाणं दातावर उभं सरकवलं, पिंजरा टेकवला, बोल्ट आवळला,
नाणं ओढून घेतलं. तेवढी फट.
सव्वीस वर्षं मी काउंटरवर नाणी मोजते,
एका रुपयाची जाडी
मला त्या दुपारी कळली.

दोन बारीक स्क्रू. एक आतल्या हद्दीचा, एक बाहेरच्या.
पहिल्याच फेरीत, गल्लीच्या तोंडाशी,
चेन आतल्या चकतीवरूनही आत पडली, हाडावर.
कोष्टीपुऱ्यातली दोन पोरं हसली.
मी काळ्या बोटांनी सायकल ढकलत परत.
हेडाऊ चहा पीत होते. कप न ठेवता
आतल्या स्क्रूला पाव फेरा दिला.
"पाव?" मी विचारलं.
"अर्धा देला असता तं
बाविसावर गेलीच नसती. मंग चढा छत्तिसावर."
उरलेल्या चार कड्या कागदात बांधून दिल्या.

सकाळी साडेपाच. फुटाळ्याचं पाणी अजून राखाडी,
मे महिना, वारा आत्ताच कोमट.
बालोद्यानाच्या अलीकडे रस्ता वर उचलतो
तिथे मी चढात शिरून मग बदलला गिअर.
सगळा जोर पायात, चेन ताणलेली,
पिंजरा दातांवर कचकच करत राहिला
जशी मी, मार्चअखेरला, कॅश जुळत नाही तेव्हा.
उतरले. चालत वर गेले.
एक काका पळता पळता "छान छान" म्हणून गेले.
दुसऱ्या दिवशी
वळण दिसायच्या आधीच, सपाटीवर,
पाय सैल सोडून अंगठा दाबला.
आवाज इतका लहान, की बाविसावर आलोय
हे गुडघ्यानंच सांगितलं.

मुठीवर अजून छापलेलं आहे एक, दोन, तीन.
तीनवर अंगठा जातो अधूनमधून,
स्क्रूला अडतो, परत येतो.

रविवारी केतकीचा फोन.
"आई, तिसरा अजून अडतो का गं? वाकलंय ते."
तिसरा नाहीच आता, म्हटलं.
"म्हणजे? तू चालवतेस?"
कुकरची शिट्टी झाली. मी पदराला हात पुसले,
गॅलरीत जाऊन उकिडवी बसले, पाहिलं.
बोळक्याच्या काठावर, खालच्या बाजूला,
नखाएवढा पांढरा ओरखडा. ताजा.
टीव्ही टॉवरकडच्या कच्च्या उतारावरचा असणार.
तोही दगड
मी तिला सांगितला नाही.