समोरच्या बाकावरून

आमच्या शहराचं नाव होडी.
खरंच. वूच म्हणजे होडी.
नदी कुठाय विचाराल तर पायाखाली बघा:
वूत्का, एवढीशी, गिरण्यांच्या रंगांनी आंबलेली,
तिला नळात कोंबून वर फरसबंदी केली.
ट्राम गेली की झाकणाखालून ऐकू येते म्हणतात.
आईला नाही येत.

आई, गेनोवेफा.
एकोणीस वर्षं तिसरा मजला, चार माग एकटीनं.
धोट्यांच्या खडखडाटात कानांना कायमचे दडे बसले
म्हणून तिथल्या बायका ओठ वाचायला शिकल्या.
खात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
आवाज न करता भांडणं, बाळंतपणाच्या तारखा,
मुकादमाला शिव्या
आणि एकदा तर आख्खा संप:
कुणाच्या तोंडून ब्र निघाला नाही,
दुपारपर्यंत सगळे माग उभे.

त्याच्याही आधी, आईच्या आजीच्या वेळी,
मालक जर्मनमधून ओरडायचा,
कारकून यिडिशमध्ये पुटपुटत हिशेब करायचा,
फौजदार रशियन, बायका पोलिश,
आणि कापसाची कुसळं सगळ्यांच्या भुवयांवर सारखीच.
मग पाट्या खरवडल्या गेल्या. शहराला भलतंच नाव दिलं.
उत्तरेकडच्या गल्ल्यांना कुंपण पडलं.
तिथून जे नेले गेले
त्यांच्याविषयी आजी जन्मभर एकच वाक्य बोलली:
'शिंप्याकडे माझा कोट राहिला.'
पुढे ओठ मिटून घ्यायची.
मिटलेले ओठ आईलाही वाचता येत नसत.

मी दहा महिन्यांची असताना
आईनं मला बाबागाडीत घालून मोर्चात नेलं.
दुकानांत मांस नव्हतं, लोणी नव्हतं,
बायका रिकामी पातेली घेऊन निघाल्या होत्या.
मला आठवत नाही. फोटोही नाही.
गाडीचं एक चाक करकरत होतं,
तेही आईला शेजारणीनं सांगितलं.

भोंगा तिला खिडकीच्या काचेतून कळायचा.
एका सकाळी काच थरथरली नाही.
ती तरी डबा भरून निघाली,
फाटकापाशी तशाच चाळीसेक जणी,
डबे हातात,
काय बोलावं कुणालाच सुचेना.
शेवटी तिथंच, कट्ट्यावर बसून, जेवल्या.

नंतर बरीच वर्षं छतावर बर्चची झाडं वाढत होती.

आता विटा घासूनपुसून तांबड्यालाल.
खाली अठरा झ्लोटींची कॉफी मिळते,
कपावर धोट्याचं चित्र,
उलटं काढलेलं, आई म्हणते.
वर तिसऱ्या मजल्यावर, हेडफोन लावून,
मी.
जर्मनीतल्या गिऱ्हाइकांचे बिघडलेले फ्रीज
मी त्यांच्याच भाषेत ऐकून घेते.
आई समोरच्या बाकावर येऊन बसते.
संध्याकाळी विचारते:
'आज एकतीस वेळा माफी मागितलीस, यागोदा.
काय एवढं बिघडलं तुझ्या हातून?'

तिला जर्मन येत नाही.
तो शब्द मात्र येतो. चेहऱ्यावरून.

आमचं बोलणं सगळं रेकॉर्ड होतं.
किती सेकंद, किती श्वास, आवाजात हसू होतं की नाही.
गेल्या मंगळवारी दोन फोनांच्या मधल्या वेळात
मी शेजारच्या सोलोमियाला, खार्किवहून आलेल्या,
ओठ वाचायला शिकवायला लागले.
आधी 'चहा'. मग 'पगार'.
ती पटकन शिकते; तळघरात राहून
तिला गप्प बसून बोलायची सवय आहे.
आज शिफ्टमध्ये आम्ही सात जणी झालो.

मघाशी, दुपारी, माईक बंद न करता
मी काचेकडे वळून एक शब्द उच्चारला.
तो इथे लिहीत नाही.
समोर आई बाकावरून उठली.
पर्स काखेत मारली,
डोक्याचा रुमाल घट्ट बांधला,
आणि रस्ता ओलांडायला सिग्नलची वाट पाहत
उभी राहिली.