दोन नंबर

ट्राममधून उतरलं की शेफिल्डचा चढ लागतो.
ऋजुता पुढे, मी मागे धापा टाकत.
सुऱ्या-काट्यांसाठी नावाजलेलं हे शहर,
आणि माझी मुलगी सफरचंद
बाजूच्या दातांनी खाते.

डॉक्टर फेनविक बाईंनी पडद्यावर एक्स-रे मोठा केला.
हा एक नंबर. हा तीन.
दोन नंबर तयारच झाले नाहीत, दोन्हीकडचे.
पडले नाहीत, किडले नाहीत, कुणी पाडले नाहीत.
दुधाचे गेले तेव्हा उशीखाली
एकेक पौंड मीच ठेवला होता.
सौदा तिथेच संपला, हे तेव्हा कुठं ठाऊक!

मग पर्याय.
तारा लावून फटी मिटवायच्या,
सुळे पुढे ओढायचे, घासून घासून
त्यांना दोन नंबरसारखं वागायला शिकवायचं.
किंवा हाडात स्क्रू, पण वाढ थांबल्यावर,
विशी उलटू दे.
तोवर काढती-घालती पट्टी, रात्री ग्लासात.
किंवा पूल: चिनीमातीचा दात,
मागे धातूचा एकच पंख, सुळ्याला चिकटवलेला.

"दोन पंख का नाहीत?" ऋजुतानं विचारलं.
"दोन असले की एक गुपचूप सुटतो.
दुसरा धरून ठेवतो, म्हणून कळत नाही,
आणि आत कीड लागते.
एकच असला तर सुटल्यावर निदान हातात येतो."

तिची आई आता लीड्सला असते.
हे आपलं असंच सांगितलं.

माझेही दोन नाहीत. बेबीआत्याचेही नव्हते.
कुरुंदवाडला त्याला कुणी नाव दिलं नाही.
आत्या हसताना पदर ओठांवर धरायची;
लोक म्हणायचे, लाजरी.
मी मिशी वाढवली; लोक म्हणाले, गंभीर.
दात काढायला दात लागतात, एवढंच.

शेवटी रंगपट्टी निघाली. पांढऱ्याचे सोळा प्रकार.
बाई तिला खिडकीपाशी घेऊन गेल्या,
दिव्याखाली खोटं दिसतं म्हणे.
एकेक तुकडा ओठांशी धरून
ए-दोन ठरला.
"बाबांचापण बघा ना," ऋजुता म्हणाली.
"नुसता बघा."

मी म्हणालो, चोपन्नाव्या वर्षी कशाला,
शिवाय पार्किंगची वेळ संपेल.
आम्ही ट्रामनं आलो होतो.

बाई हातमोजे बदलत होत्या.
मी दोन बोटांनी मिशी वर सारली.