मोजणी

ओवळ्याला, आमच्या सोसायटीच्या मागे
एक वहाळ आहे.
महापालिकेच्या पाटीवर तो नाला, क्रमांकासकट.
बिल्डरच्या माहितीपत्रकात 'निसर्गरम्य जलप्रवाह'.
चांगुणा भोईर त्याला नुसतं 'तो' म्हणते,
नवऱ्याचं नाव टाळावं तसं.
'रात्री तो लय बोलत व्हता,' म्हणते,
आणि मुळ्याची जुडी माझ्या पिशवीत टाकते.

फ्लॅट घेताना मी विचारलं होतं, डास किती?
पाणी कुठून येतं, हे विचारायचं सुचलं नव्हतं.
आता सहा वर्षांनी
पाण्याच्या रंगावरून सांगू शकते
येऊरवर पाऊस थांबून किती वेळ झाला ते.
चहासारखं असेल तर
छत्री ठेवू नये.

मागच्या श्रावणात लिफ्टमध्ये मुठा निघाला,
काळाभोर, एक नांगी उगारलेला.
चौथ्या मजल्यावरच्या पिंपळखरेबाई आधी किंचाळल्या,
मग हळूच म्हणाल्या,
'बटण कुणी दाबलं असेल हो?'

मार्गशीर्षात मोजणीवाले आले.
टेप, लाल रंगाचा डबा, काखेत नकाशाची गुंडाळी.
'काठ कुठे संपतो?' साहेबानं विचारलं.
चांगुणा वाफ्यात वाकलेली होती, तशीच म्हणाली,
'कंच्या म्हयन्याचा?'

साहेब हसला नाही.
एक फुली करंजाच्या खोडावर मारली,
मग नकाशा पाहिला, पुन्हा पाहिला,
कुंपण ओलांडून आत आला
आणि दुसरी फुली
बी विंगच्या खांबावर मारली,
पार्किंग क्रमांक सतरा.
सतरा माझा.

सेक्रेटरींनी तो खांब त्याच रात्री रंगवून घेतला.
पांढऱ्याखालून लाल अजून दिसतं,
गुलाबीसर, लहान मुलाच्या गालावरच्या गोवरासारखं.

परवा पौर्णिमेला झोप येईना म्हणून खाली गेले.
खाडीला उधाण होतं.
पाणी मोरीखालून वर चढत होतं, डोंगराच्या दिशेला,
आवाज न करता,
आणि चिखलात दोन निवट्या
डोळे वर काढून
आमच्या इमारतीकडे बघत होत्या.

तेव्हापासून स्कूटर लावताना
मी जरा कडेला लावते.
एक माणूस जाईल एवढी जागा सोडून.
वॉचमन विचारतो, 'म्याडम, गाडी घ्यायचीय का?'
मी म्हणते, नाही,
त्याला लागेल.