कोरडं ठेवा

हॉस्पिसियोतून निघताना सिस्टर पर्पेतीननं
मला बाजूला घेतलं, बायकोला नाही.
"तिला टाके आहेत. हे तुम्ही बघायचं.
काही लावू नका, ओढू नका, कोरडं ठेवा."
एवढंच. आणि ती पुढच्या खाटेकडे वळली.

मी शेळपेंला पंपावर असतो.
बावीस वर्षं पाणी पुढं ढकलतोय
मडगांवला, वास्कोला, कुणाकुणाच्या नळाला.
घरी आलो तरी बोटांना क्लोरीनचा वास.
आणि मला सांगितलं,
दोन बोटं रुंद जागा कोरडी ठेव.

पहिल्या दिवशी ती शहाळ्यातल्या कोवळ्या खोबऱ्यासारखी,
ओलसर, निळसर,
वर पिवळा चिमटा, दोरीवरून उचलून आणल्यासारखा.
हात साबणानं तीनदा धुतले, मग लंगोट बांधला,
बेंबीच्या खाली दुमडून.
सैल झाला. मुतली. सगळं भिजलं.
पुसलं, फुंकर घातली,
मग आठवलं, फुंकर घालू की नको
हे विचारायचं राहिलं.

बेंबीच्या देठापासून ओरडणं
आजवर नुसतं म्हणत होतो.
इथं देठच समोर होता,
प्रत्येक ओरडण्याला हलत होता.

चौथ्या दिवशी गोकुळाबाय आली,
वाटीत खोबरेल, पुडीत चुलीतली राख.
मी नको म्हटलं.
"तुजे बोमलेक हांवेंच गोबर लायिल्लो.
मेलो रे तूं?"
मी मेलो नव्हतो, हे खरंच.
वाटी तिनं खिडकीत ठेवली आणि गेली.
तेलात दोन मुंग्या बुडाल्या.
ते तेल मग मी सुलक्षाच्या पायांना चोळलं,
तीही काही बोलली नाही.

माझी कुर्डीत पुरलेली, फणसाच्या मुळाशी.
मी चार वर्षांचा असताना धरणाचं पाणी आलं,
आम्ही वाडेंला आलो, ट्रकमधून, कोंबड्यांसकट.
फणस तिथंच राहिला.
मे महिन्यात पाणी उतरतं तेव्हा जातो.
काळे बुंधे उभे असतात.
आमचा कुठला ते आईला ठाऊक होतं.
म्हणजे माझ्या नाळेवरचं पाणी
मी रोज गाळतो, क्लोरीन घालतो, लोकांना पाजतो.
हे मी पंपावर कुणाला सांगत नाही.

सहाव्या दिवशी काळी पडली,
उन्हात विसरलेल्या कोकमाच्या सोलासारखी.
एका बाजूनं सुटली, दुसऱ्या बाजूनं नाही.
तिला झबल्याचा धागा अडकला
तेव्हा माझ्याच पोटात काहीतरी ओढलं गेलं.
कात्रीनं धागा कापला. श्वास सोडला.
पोरगी जांभई देत होती.

नवव्या रात्री ती जागेवर नव्हती.
चादर झटकली, दुपटं झटकलं,
टॉर्च घेऊन खाटेखाली शिरलो.
सुलक्षा म्हणाली, "सोन्याची साखळी हरवल्यावर
इतकं शोधलं नव्हतंस."
सापडली माझ्याच सदऱ्याच्या बाहीत.
तिला छातीवर घेतली होती तेव्हा कधीतरी
माझ्याकडे आली असणार.

जागेवर एक लाल ठिपका.
हॉस्पिसियोला फोन लावला, रात्री दीडला.
"थेंबभर चालतं.
लाल झालं, सुजलं, वास आला, अंग तापलं
तर लगेच घेऊन या. नाहीतर झोपा."
झोपलो नाही. दर तासाला टॉर्च,
दर तासाला नाक खाली नेऊन वास.
दुधाचा होता.

आता ती काडेपेटीत आहे, चिमट्यासकट.
गोकुळाबाय म्हणते, फणसाखाली पूर.
आमच्या प्लॉटात फणस नाही,
पाण्याचा मीटर आहे आणि एक पपई.
पपई दोन वर्षांत मरते.
कुर्डीला नेऊ का, म्हटलं.
सुलक्षानं मान वर केली.
"नऊ दिवस कोरडी ठेवलीस
ती बुडवायला?"

सकाळच्या पाळीला निघालो तर पेटी खिशातच राहिली.
व्हॉल्व उघडायला वाकलो की आत वाजते,
एकच काडी उरल्यासारखी.