माशांत जमा

पाणी आता गुडघाभर उरलंय.
आपुरेच्या सपाट रानात फेब्रुवारी असाच येतो,
तळ्यांना कडेकडेनं कुरतडत.
चिखलाला भेगा, भेगांत रिते शिंपले,
आणि मधल्या डबक्यात एकमेकांना खेटून
एकशे चाळीस,
किंवा एकशे सेहेचाळीस.
पुन्हा मोजते.

माझं काम मोजण्याचं.
नाकपुड्या, डोळे, कान, सगळं वरच्या अंगाला;
खालचं पन्नास किलोंचं जनावर
पाण्याकडे गहाण.
एवढुसं डोकं दिसलं की एक चिग्वीरे लिहायचा.
बुडाला तर पाच-पाच मिनिटं वर येत नाही,
येतो तेव्हा भलतीकडेच.
मालक म्हणतात, दोमितिला, आकडा दे.
आकड्यावरून ठरतं
उपवासाचे चाळीस दिवस लागायच्या आधी
किती मारायचे.

पाद्री बाउदिलियो सांगायचे,
पाण्यात राहतो, बोटांमध्ये पडदे आहेत,
तेव्हा तो माशांत जमा.
पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला तीन,
अंगावर खराट्यासारखे राठ केस,
उंदरांच्या घराण्यातला सगळ्यात थोरला,
पोरांना अंगावर पाजणारा
मासा.
मी सात वर्षांची. विचारलं, "मग खवले कुठायत?"
आईनं टेबलाखालून चिमटा काढला.
बाबा हसले,
खारवलेला एक तुकडा माझ्या ताटात सरकवला.

बाबा सोट्यानं मारायचे.
घोडे घालून कळप कोरड्यात काढायचा.
उन्हात धावून धावून ते तापतात,
मग बसतात.
नुसतेच बसतात.
त्या बसण्याबद्दल बाबा घरी कधी बोलले नाहीत.

मला ठाऊक आहे त्यातलं बरंचसं
तक्त्यात मावत नाही.
गवत एका खेपेत पचत नाही,
म्हणून पहाटे ते आपलंच मऊ शेण पुन्हा खातात.
दात जन्मभर वाढतात, गवतानंच झिजतात.
थोरल्या नराच्या नाकाडावर काळा, उघडा फुगवटा;
झुडपाला घासून तो चिकट वास ठेवून जातो,
दारावर नावाची पाटी ठोकावी तसा.
मादी त्याला पाण्यात आपल्या मागे मागे फिरवते,
नको असला तर बुडी मारते,
विषय संपला.
पाठीवर बसून किडे टिपणारा पिवळ्या छातीचा पक्षी
मला मोजायचा नसतो,
तरी मी मोजते.

काल सकाळी एकजण भुंकला.
एकच भुंक, कोरडी,
आणि काठ क्षणात ओस.
डोकी हळूहळू वर आली. एक आलं नाही.
पाण्याला अनाकोंडाचा जाड वळसा पडला
आणि मिटला.
तिची चार पिल्लं काठावर,
आठवड्याभराची असतील,
शिट्टीसारखं बारीक ओरडत.
निकानोर म्हणाला, "हे चार कुठल्या रकान्यात?"
म्हटलं, थांब जरा.

दुसरी एक मादी चिखलात उभी होती,
आपल्या तिघांना पाजत.
हे चौघं मागून आले, घुसले.
तिनं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.
तोंडातली काडी तेवढी चावत राहिली.

मी जन्मले तेव्हा आई हिवतापानं फणफणलेली.
शेजारच्या उर्सुलिनानं मला पाजलं,
एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तिचा आन्सेल्मो.
आई हे फक्त रागात सांगायची,
"माझ्या दुधाची नाहीसच तू."
उर्सुलिनानं कधीच काही सांगितलं नाही.
भेटली की विचारायची, जेवलीस का.

निकानोरला म्हटलं, लिही.
त्यानं पेन्सिल जिभेला लावली.
"किती?"
एकशे दहा, मी म्हटलं.
त्यानं तळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि लिहिलं.

मारायचे ते मारतीलच,
थोडे कमी.
शुक्रवारी मालकांच्या टेबलावर ताट येईल.
मी भात घेईन, तळलेलं केळं घेईन.
कुणी विचारलंच तर सांगेन,
मासे मला मानवत नाहीत.